एलियन आधी दाखवावा की प्रोमेथियस? प्रीक्वेलनं मूळ पिच्चरचं गूढ मरते काय?

घाटंजी_वाचनालय

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात मोठ्या माणसांसाठी महिन्यातून एकदा सायन्स फिक्शन पिच्चर दाखवायचं ठरलं आहे. पाहणारे म्हणजे शेतकरी, दोन-तीन शाळांचे शिक्षक, कॉलेजची पोरं-पोरी. एलियनच्या मालिकेतला एकही भाग जवळपास कोणी पाहिलेला नाही. कोरी पाटी एकदाच मिळते, म्हणून आधी तुम्हाला विचारून राहिलो.

समितीत तीन मतं आहेत. काही जण म्हणतात, कथेतल्या सालांप्रमाणे लावा: प्रोमेथियस २०९३ मध्ये घडतो, एलियन: कव्हेनंट २१०४ मध्ये, एलियन २१२२ मध्ये, म्हणजे गोष्ट सरळ समजेल. काही म्हणतात, जसे आले तसे लावा: १९७९, २०१२, २०१७. आणि एका ताईंचं म्हणणं आहे की प्रीक्वेल, म्हणजे मूळ गोष्टीच्या आधीची कथा सांगणारे नंतरचे पिच्चर, दाखवूच नका, त्यानं पहिल्या पिच्चरचं गूढ मरते.

दोन गोष्टी हव्यात. एक, प्रीक्वेलनं खरंच काय बिघडते ते नेमकं सांगा, नुसतं "मजा जाते" नको. दोन, दाखवायचं कसं. सामान असं: ३००० लुमेनचा प्रोजेक्टर, पांढरी भिंत, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी आणि इन्व्हर्टर. लाइटीचा भरवसा नाही. मराठी सबटायटल आम्ही स्वतः करणार आहोत.

उत्तरांत कथा उघडी पडणारच. ज्यांना पाहायचे आहेत त्यांनी इथंच थांबावं.

सेवाग्रामचा_प्रेक्षक

मूळ पिच्चर आधी. आणि तो झाल्यावर दुसरा लगेच त्याच रात्री लावू नका, किमान आठवडाभर मधे जाऊ द्या.

एलियनमधलं मोठं गूढ एका जागी साठवलेलं आहे. नॉस्ट्रोमो या अंतराळातल्या मालवाहू जहाजावरची तीन माणसं, डॅलस, केन आणि लॅम्बर्ट, पडलेल्या परक्या जहाजात शिरतात. तिथं खुर्चीला टेकून बसलेला एक अवाढव्य मेलेला जीव दिसतो. चाहते त्याला स्पेस जॉकी म्हणतात. पडद्यावर तो काही मिनिटंच आहे, पण तेवढ्यात चार गोष्टी कळतात: मरून फार काळ लोटला, हाडांचा दगड झाला, अंग खुर्चीतूनच उगवल्यासारखं आहे, आणि बरगड्या आतून बाहेर वाकल्या आहेत. नंतर पिच्चर त्याच्याकडं वळून पाहत नाही.

यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम रचलेली आहे. तो जीव स्विस चित्रकार गीगर यानं रचला. सेटवरचा नमुना सुमारे २६ फूट उंच होता. तो आणखी मोठा वाटावा म्हणून दिग्दर्शक रिडली स्कॉटनं लांबच्या शॉटमध्ये लहान मुलांना छोटे अंतराळपोशाख घालून उभं केलं, त्यात त्याची स्वतःची मुलंही होती. एवढा खटाटोप फक्त आकारासाठी. त्या जागी माणूस किती क्षुल्लक आहे हे न बोलता कळावं, यासाठी.

आता क्रम बघा. बरगड्या आधी दिसतात, केनची छाती नंतर फुटून आतून प्राणी निघतो. जेवणाच्या टेबलावर ते घडल्यावर पाहणाऱ्याच्या डोक्यात आपोआप मागची खुर्ची येते आणि तो स्वतःच दोन्ही जोडतो. त्याला कोणी सांगत नाही. प्रोमेथियस आधी पाहिलेल्याला हे जोडायचं काम उरतच नाही. खुर्ची ओळखीची, तो सोंडेसारखा चेहरा ओळखीचा, आत कोण बसते तेही माहीत. सालांप्रमाणे लावणाऱ्यांना वाटते गोष्ट सरळ होईल. सरळ होते, पण १९७९ च्या पिच्चरमधला सगळ्यात मोलाचा सीन नुसता रस्त्यातला थांबा होऊन जातो.

हाच प्रकार द थिंग या पिच्चरमध्ये आणखी स्वच्छ दिसते. १९८२ चा पिच्चर सुरू होतो तेव्हा बर्फावरून एक कुत्रा पळून राहिला असते आणि नॉर्वेजियन माणसं हेलिकॉप्टरमधून त्याच्यावर गोळ्या झाडत असतात. आपली दया कुत्र्याकडं जाते. २०११ चा प्रीक्वेल जिथं संपतो तिथूनच हा पाठलाग सुरू होतो. प्रीक्वेल आधी पाहिला की कुत्रा म्हणजे रूप बदललेला परका जीव आहे हे पहिल्या मिनिटाला माहीत असते, मग तो तळावर मोकळा फिरतो, खोल्यांत शिरतो, तो सगळा हळूहळू चढणारा संशय वाया जाते.

म्हणून क्रमाबद्दल वादाला जागाच नाही. वाद आहे तो दुसऱ्या प्रश्नाचा: योग्य क्रमानं पाहूनही प्रीक्वेल मूळ पिच्चरला मागाहून लहान करते काय? माझं उत्तर: कधीकधी करते. कोणता करते हे ठरवायला मी तीन गोष्टी तपासतो.

पहिली, मुळातल्या पुराव्याशी जुळते का. द थिंगचा प्रीक्वेल इथं प्रामाणिक आहे. १९८२ मध्ये नॉर्वेच्या तळावर दारात रुतलेली कुऱ्हाड, खुर्चीत गळा चिरून गोठलेला माणूस, बर्फाची पोकळ लादी, दोन चेहऱ्यांचं जळालेलं प्रेत असं सगळं दिसते. २०११ मध्ये यातल्या एकेका गोष्टीचा उगम दाखवायचा मनापासून प्रयत्न आहे. तरीही पिच्चर फिका पडतो, कारण कुऱ्हाड आणि प्रेत पाहून प्रेक्षकानं ती गोष्ट आधीच जुळवलेली असते. उत्तर बरोबर आहे, पण विचारलंच नव्हतं.

दुसरी, प्रश्न कसला होता. स्टार वॉर्समध्ये १९७७ पासून एक गोष्ट खटकत होती: ग्रह फोडणारं एवढं मोठं यंत्र आणि दोन मीटरच्या भोकातून नष्ट होते, असं कसं? २०१६ च्या रोग वन या प्रीक्वेलनं सांगितलं की बनवणाऱ्यानंच ती खोट मुद्दाम ठेवली होती. इथं कोणाचं आश्चर्य हिरावलं गेलं नाही, उलट कच्चा टाका पक्का झाला. याउलट १९९९ मध्ये फोर्स या गूढ शक्तीचा संबंध रक्तातल्या मिडी-क्लोरियन नावाच्या सूक्ष्मजीवांशी जोडला. श्रद्धेची गोष्ट लॅबोरेटरीच्या रिपोर्टवर आली. चाहते अजून माफ करत नाहीत.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: उत्तरानं जग मोठं झालं की लहान. प्रोमेथियस आणि कव्हेनंट इथं मार खातात. त्यावर पुढं कोणी आक्षेप घेतला तर लिहितो.

मेहकर_लोणार

आक्षेप माझा घ्या.

मी लोणारजवळ राहतो, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, काळ्या बेसाल्टमध्ये. ज्वालामुखीनं झालं की आभाळातून काही पडून झालं, यावर अभ्यासकांत बराच काळ वाद होता. १९७० च्या दशकात तिथल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघाताच्या दाबाखाली फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते, ज्वालामुखीत होत नाही. वाद मिटला. आता सांगा, उत्तर मिळाल्यानं लोणार लहान झालं काय? काठावर उभं राहून खाली पाहताना हे माहीत असेल तर जास्तच थरारते. गूढ उकललं की मेलं, हे मला मान्यच नाही.

प्रोमेथियसवर लोक अन्याय करतात, त्यातल्या दोन गोष्टी तर सरळ चुकीच्या सांगतात. एक, यातलं जहाज म्हणजे एलियनमधलं जहाज नाही. प्रोमेथियसमधला चंद्र एलव्ही-२२३, एलियनमधला एलव्ही-४२६. शेवटी इंजिनिअरच्या, म्हणजे खुर्चीतल्या जीवाच्या जातीच्या परक्याच्या, छातीतून जो प्राणी निघतो तोही खुर्चीत नाही, बचावनौकेत. म्हणजे १९७९ च्या खुर्चीत कोण होता आणि तिथं तो कसा पोचला, हे प्रोमेथियसनं उघडलेलंच नाही. दोन, हे मुद्दाम केलेलं आहे. जॉन स्पाइट्सच्या पहिल्या पटकथेचं नाव एलियन: इंजिनिअर्स होतं आणि तिच्यात अंडी, चेहऱ्याला चिकटणारे प्राणी असं ओळखीचं सामान भरपूर होतं. डेमन लिंडेलॉफनं फेरलेखन केलं तेव्हा त्यातलं बरंच काढून गोष्ट मूळ पिच्चरपासून दूर नेली. बनवणाऱ्यांना धोका दिसत होता.

शिवाय पिच्चर स्वतःचे प्रश्न उभे करते. ज्यांनी माणूस घडवला त्यांनीच तो संपवायला काळं द्रव्य भरून जहाज का तयार ठेवलं? दोन हजार वर्षांपूर्वी त्या तळावर काय बिनसलं? झोपेतून उठवलेला शेवटचा इंजिनिअर डेव्हिड या यंत्रमानवाचं बोलणं ऐकून घेतो आणि मग त्याचंच मुंडकं उपटतो, ते का? एकाचंही उत्तर नाही. गूढ मारणारा पिच्चर असा नसते.

आणि एक. एलियनची भीती जॉकीत नाही. ती हवेच्या बोगद्यात आहे, जिथं डॅलस आग ओकणारी बंदूक घेऊन रांगतो आणि लॅम्बर्टच्या हातातल्या यंत्रावर दुसरा ठिपका त्याच्याकडं सरकताना दिसतो. कोणताही प्रीक्वेल तिला हात लावू शकत नाही.

सेवाग्रामचा_प्रेक्षक

मेहकरभाऊ, बोगद्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. चंद्र वेगळा आहे हेही सबटायटल करणाऱ्यांनी नीट दाखवावं, तिथं बहुतेक लोक गोंधळतात. पण लोणारचं उदाहरण तुमच्याच विरोधात जाते.

लोणारला जे उत्तर मिळालं ते दोन कसोट्यांवर टिकलं. पुराव्याशी जुळलं, कारण पुराव्यातूनच निघालं. आणि ते प्रश्नापेक्षा मोठं निघालं: जमिनीखालची आग समजत होतो, तर ते पृथ्वीबाहेरून आलेलं. त्या दगडाला बुलढाणा जिल्हा माहीत नव्हता, माणूस माहीत नव्हता. त्याचं आपल्याशी काही देणंघेणं नव्हतं. थरार तिथंच आहे.

१९७९ चा जॉकी तसाच होता. तो कोणासाठी तिथं बसला नव्हता. माणसं वाट चुकल्यासारखी त्याच्या मरणापाशी येऊन पोचली. प्रोमेथियसमध्ये त्याच जातीचं डीएनए माणसाशी जुळते. इंजिनिअरनं आपल्याला घडवलं, आपल्याला मारायलाही तोच निघाला होता. म्हणजे जो पूर्ण परका होता तो आपला पूर्वज निघाला आणि सगळं विश्व माणसाभोवती फिरायला लागलं. पुढं कव्हेनंटमध्ये डेव्हिड काळ्या द्रव्यावर प्रयोग करत करत तो प्राणीच घडवताना दिसते. डेव्हिड कोणी बनवला? वेलंड या उद्योगपतीनं, माणसानं. आता खुर्चीतला जीवही आपल्या नात्यातला आणि त्याला मारणारा प्राणीही आपल्याच यंत्राच्या हातचा. १९७९ मध्ये अंतराळ अफाट वाटत होतं, ते एका घराण्याच्या भांडणाएवढं झालं.

पुराव्याचंही बघा. हाडांचा दगड व्हायला जो काळ लागतो तो २१०४ ते २१२२ या १८ वर्षांत कुठून आणायचा? २६ फुटांचा जीव, आणि इंजिनिअर माणसाहून दोनेक फूट उंच. खुर्चीतून उगवलेलं अंग, आणि प्रोमेथियसमध्ये तो नुसता पोशाख, हेल्मेट काढलं की आत गोरापान माणूस. मॅस्केलिनाइट सापडूनही कोणी ज्वालामुखीच म्हणत राहावं, असं हे झालं.

मेहकर_लोणार

डेव्हिडनं तो प्राणी पहिल्यांदा घडवला असं पिच्चर ठामपणे कुठं म्हणते? प्रोमेथियसमध्ये ज्या दालनात ते उभे घडे रचलेले आहेत, तिथल्या भिंतीवरचं कोरीवकाम थांबवून बघा. त्या प्राण्याच्या अंगलटीची आकृती तिथं आधीपासून आहे, आणि ते दालन डेव्हिडच्या जन्माआधीचं. म्हणजे डेव्हिड जे घडवतो ते पूर्वी घडलेलंच असू शकते. मग एलव्ही-४२६ वरचं जहाज कितीही जुनं असायला हरकत नाही आणि तुमचा १८ वर्षांचा हिशेब लागू होत नाही. उंचीचं मात्र उत्तर नाही, तिथं पिच्चर फसलेलाच आहे.

डेव्हिडसाठी तरी कव्हेनंट दाखवा असं माझं मत कायम. मायकेल फासबेंडर एकाच पिच्चरमध्ये डेव्हिड आणि वॉल्टर हे दोन यंत्रमानव करते. डेव्हिड वॉल्टरला बासरी शिकवतो त्या सीनमध्ये चेहरा एकच आहे, तरी कोण कोणता ते नुसत्या खांद्यांवरून आणि मानेवरून कळते. पब्लिक ते धरून बसेल.

वडसा_देसाईगंज

कोणतीही आवृत्ती लावू नका. एलियनच्या दोन फिरतात: १९७९ ची ११७ मिनिटांची आणि २००३ ची डायरेक्टर्स कट (दिग्दर्शकानं पुन्हा कापलेली), जी मिनिटभर लहानच आहे. १९७९ चीच घ्या. २००३ मध्ये एक सीन परत घातला आहे, ज्यात नॉस्ट्रोमोवरच्या रिप्लीला तिचे साथीदार डॅलस आणि ब्रेट भिंतीला चिकटवलेले सापडतात आणि माणसाचंच अंडं होत असल्याचं सूचित होते. पुढं १९८६ च्या एलियन्समध्ये जेम्स कॅमेरूननं अंडी घालणारी राणी आणली. दोन्ही उत्तरं एकमेकांशी भांडतात. अंडी कुठून येतात हे गूढ प्रीक्वेलच्या कितीतरी आधी सिक्वेलनंच उघडून ठेवलं होतं, हे या वादात कोणी बोलत नाही.

मध्यंतर कुठं घ्यायचं तेही आधीच ठरवा. केनच्या चेहऱ्याला चिकटलेला प्राणी मरून पडला, जहाज चंद्रावरून उडालं, केन अजून बेशुद्ध, तिथं थांबा. केन शुद्धीवर आल्यावर थांबलात तर जेवणाचा सीन मध्यंतरानंतर थंडा सुरू होईल, लोक अजून जागेवर बसतच असतील.

सुरुवात संथ आहे म्हणून पुढं ढकलू नका. झाडीपट्टीतला प्रेक्षक रात्रभर नाटक पाहतो, त्याला दोन तास जड नाहीत. आणि लहान लेकरांना बसवू नका. छाती फुटायचा सीन आणि पुढचं बरंच काही त्यांच्यासाठी नाही.

आर्वी_साउंड

सामानाबद्दल मी सांगतो. एलियन, प्रोमेथियस दोन्ही अंधारे पिच्चर आहेत. अंधारात राखाडी धूर दिसला तर जॉकीचा सीन गेलाच.

३००० लुमेन १२ फुटांच्या चित्रावर पसरवू नका. ८ फूट रुंद ठेवा. उजेड सव्वादोन पट घट्ट होते. पिच्चरचं माप २.३९ ला १ आहे, म्हणजे ८ फुटांवर उंची जेमतेम ३ फूट ४ इंच येईल आणि वर-खाली प्रत्येकी सातेक इंचांची काळी पट्टी राहील. मराठी सबटायटल खालच्या पट्टीत बसवा, चित्रावर पांढरी अक्षरं आली की डोळा अंधाराला सरावत नाही. प्रोजेक्टर व्हिविड किंवा डायनॅमिकवर असेल तर सिनेमावर आणा. मग जॉकीच्या सीनवर पिच्चर थांबवा आणि ब्राइटनेस एकेक पायरी खाली करत जा. बरगड्या दिसायला हव्यात, मागची भिंत काळी राहायला हवी. लोक यायच्या आत हे करून ठेवा.

मोकळ्या आवारात असेल तर मे महिन्यात आठच्या आत सुरू करू नका आणि पौर्णिमेच्या आसपासची तारीख टाळा. भिंतीला चुना असेल तर पिवळट झाक मारते, पांढरा मॅट डिस्टेंपर द्या.

बॅटरीचा हिशेब: १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, तर राहिले ९०० आणि इन्व्हर्टरची खोट जाता साडेसातशेच्या आसपास. प्रोजेक्टर २७० वॉट, स्पीकर आणि लॅपटॉप धरून ४०० होते. एक तास पन्नास मिनिटं. म्हणजे सुरुवातीलाच लाइट गेली तर शेवटची काही मिनिटं हातून जातील, आणि नेमकी तीच मोलाची आहेत. प्रोजेक्टर इको मोडवर टाका, साधारण ७० वॉट वाचतात आणि सव्वादोन तास निघते. इको मोडमध्ये उजेड उतरते, म्हणून ८ फुटांचा आग्रह. पंखे त्या बॅटरीवर अजिबात नको.

इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. नॉर्मल मोडमध्ये लाइट बदलताना क्षणभर खंड पडते, दिवा विझते, आणि गरम दिवा लगेच पेटत नाही. पाच-दहा मिनिटं नुसतं बसावं लागते.

सार्वजनिक दाखवण्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते, घरचं ओटीटी खातं त्यासाठी चालत नाही. तारीख जाहीर करायच्या आधी ते करून घ्या.

घाटंजी_वाचनालय

फार कामाचं मिळालं. क्रम ठरला: आधी एलियन, पुढच्या महिन्यात प्रोमेथियस. द थिंगही त्याच नियमानं घेऊ. अजून दोन शंका. सबटायटल करताना कशात चुकतो आपण? आणि २०२५ ची एलियन: अर्थ ही मालिका पोरं मागून राहिली आहेत, ती कुठं बसवायची?

सेवाग्रामचा_प्रेक्षक

सबटायटलमध्ये मोठी चूक म्हणजे पिच्चरनं झाकलेलं आपण उघडणं. द थिंगच्या सुरुवातीला तो नॉर्वेजियन माणूस बंदूक घेऊन ओरडत येतो. तो काय ओरडतो त्याचा अर्थ तळावरच्या अमेरिकनांना कळत नाही, म्हणून पब्लिकलाही कळू नये. त्या वाक्यात सगळं रहस्य आहे, ज्यांना भाषा येते त्यांचा पिच्चर तिथंच फुटतो. तसंच प्रोमेथियसमध्ये डेव्हिड इंजिनिअरशी जे बोलतो त्याला पडद्यावर भाषांतर नाही. तिथं जागा रिकामी सोडा. इंटरनेटवर अर्थ सापडतो म्हणून घालू नका.

दुसरी चूक उलटी. पडद्यावर लिहून येणारा मजकूर इंग्रजी सबटायटलच्या फाइलमध्ये बहुधा नसतो, कारण इंग्रजी वाचणाऱ्याला तो दिसतोच. तुमच्या पब्लिकला मराठीतून द्यावा लागेल. एलियनच्या सुरुवातीची पाटी: जहाज नॉस्ट्रोमो, माणसं सात, माल दोन कोटी टन खनिज, पृथ्वीकडं परत. आणि रिप्ली जहाजाच्या संगणकाला विचारते तेव्हा येणारा ९३७ क्रमांकाचा खास आदेश: जीव तपासणीसाठी परत आणा, बाकी सगळं गौण, माणसं गेली तरी चालतील. ही ओळ सुटली तर जहाजाच्या मालक कंपनीनं काय केलं हे कोणाला कळणारच नाही.

फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर चौकोन येतात. पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावू नका, बऱ्याच यंत्रांत जोडाक्षरं तुटतात. लॅपटॉपवरून व्हीएलसी प्लेअरनं चालवा. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ३५ ते ४० अक्षरं.

एलियन संपल्यावर लगेच प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि एकच विचारा: खुर्चीतला कोण होता आणि अंडी त्याच्या जहाजात कशी आली? चिठ्ठ्या बंद करून ठेवा, प्रोमेथियस झाल्यावर उघडा. पब्लिकची उत्तरं पिच्चरच्या उत्तरापेक्षा मोठी निघाली की लहान, ते तिथंच समजेल. मेहकरभाऊंचा आणि माझा वादही त्यावरच मिटेल किंवा वाढेल.

मालिका सगळ्यात शेवटी. ती २१२० मध्ये घडते, नॉस्ट्रोमोच्या दोन वर्षं आधी, आणि जॉकीला हात लावत नाही. ती दुसऱ्या प्रश्नाला हात घालते: कंपनीला या प्राण्याबद्दल आधीपासून किती माहीत होतं? मालिकेत वेलंड-युतानीचं मॅजिनो नावाचं जहाज निरनिराळे परके जीव गोळा करून आणत असते आणि पृथ्वीवर कोसळते. म्हणजे कंपनी पुरती मुरलेली आहे हे पहिल्याच भागात उघड. मूळ पिच्चरमध्ये याचा एकच धागा आहे आणि तो पटकन निसटतो: डॅलस रिप्लीला सांगतो की त्याचा नेहमीचा विज्ञान अधिकारी थेडस या ठिकाणाहून निघायच्या दोन दिवस आधी बदलला आणि त्याच्या जागी अ‍ॅश आला. ज्यांनी ते वाक्य पकडलं त्यांना मालिका पूरक वाटेल. ज्यांना मालिका आधी दाखवाल त्यांना अ‍ॅश पहिल्या सीनपासून संशयित वाटेल, आणि त्याच्या मानेतून पांढरा द्रव उसळून तो यंत्रमानव असल्याचं कळते तेव्हा जो धक्का बसायला हवा तो बसणार नाही. डॅलसच्या त्या वाक्याचं सबटायटल दोन सेकंद जास्त राहू द्या.